१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : बुद्धिबळाच्या पटावरच्या संख्येबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत ६४ व्या घरापर्यंत गेलो तर एकूण दाणे किती? ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. उत्तराचा आकडा ऐकून ‘बापरे’ म्हणायचे आणि उठायचे, एवढ्यावरच ती संपते. मला मात्र तो आकडा गोष्टीपेक्षाही आवडतो. त्याचे अवयव पाडत बसलो की लीलावतीकार भास्कराचार्य, रामानुजन, देवळालीचे कापरेकर गुरुजी, ऑयलर आणि गाउस अशी माणसे एकेक करून भेटत जातात. या संख्येबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे इथे सविस्तर दिली आहेत. शाळेत शिकलेले घातांक आणि अवयव आठवत असतील तर जवळजवळ सगळे पडताळून बघता येईल. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

ही संख्या वाचायची कशी?

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती अशी दिसते: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकूण २० अंक. रोजच्या व्यवहारात आपण कोटीच्या पुढे फारसे जात नाही, म्हणून ‘सुमारे १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी’ असे म्हणता येईल. पण आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) प्रत्येक स्थानाला वेगळे नाव आहे: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये, आणि तिथे यादी संपते. त्या नावांनी आपली संख्या वाचायची तर:

१८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार, ६१५.

निखर्वाच्या जागी शून्य आहे, म्हणून ते नाव आले नाही. एकदा मोठ्याने वाचून बघा. वीस अंकांची रांग पाहून जे दडपण येते ते नावे घेतल्यावर निम्मे उतरते.

६४ घरांची बेरीज ‘२ चा ६४ वा घात उणे १’ का येते?

(२ चा ६४ वा घात यापुढे २^६४ असा लिहितो.) शेजारणीकडून एक दाणा उसना आणा आणि पहिल्या घरातल्या दाण्यात मिसळा. झाले दोन. दुसऱ्या घरातही दोनच आहेत. ते मिळवले की चार. तिसऱ्या घरात चार आहेत, मिळून आठ. म्हणजे हातातला ढीग दर वेळी पुढच्या घराएवढाच होतो आणि तो मिळवला की दुप्पट होतो. ६४ वे घर उचलले की हातात बरोबर २^६४ दाणे येतात. उसना दाणा परत केला की राहतात २^६४ उणे १, म्हणजे आपली संख्या.

यातूनच दिसते की प्रत्येक घरात त्याआधीच्या सगळ्या घरांच्या बेरजेपेक्षा एक दाणा जास्त असतो. एकट्या शेवटच्या घरातले दाणे आधीच्या ६३ घरांवर मात करतात.

एवढे दाणे म्हणजे किती गहू?

हजार दाण्यांचे वजन ४० ग्रॅम धरा. पहिली ३२ घरे भरायला सुमारे १७२ टन गहू पुरतो. एखादा मोठा व्यापारी तेवढा सहज उभा करील. पूर्ण पटाला मात्र सुमारे ७३,७८७ कोटी टन लागतो. आज साऱ्या जगात वर्षाला साधारण ८० कोटी टन गहू पिकतो, म्हणजे नऊशेहून जास्त वर्षांचे पीक झाले. केरळात अंबलपुळाच्या कृष्णमंदिराशी हीच कथा तांदळाच्या दाण्यांनी जोडलेली आहे. तिथे दाणे देण्याचे वचन दिलेल्या राजाचे कर्ज फिटत नाही, म्हणून रोज पायसाचा नैवेद्य वाटला जातो असे सांगतात. गोष्टीचा शेवट म्हणून मला हा फार आवडतो.

कॅल्क्युलेटर नसताना २^६४ काढायचा तर ६३ वेळा दुप्पट करावी लागेल ना?

नाही, सहा गुणाकारांत काम होते. हा या संख्येचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

लीलावतीत गुणोत्तर श्रेढीसाठी (दर पद ठरावीक पटीने वाढत जाणाऱ्या रांगेसाठी) एक नियम आहे. पदांची संख्या, म्हणजे ‘गच्छ’, विषम असेल तर त्यातून एक वजा करा आणि बाजूला ‘गुण’ लिहा. सम असेल तर निम्मी करा आणि ‘वर्ग’ लिहा. शून्य येईपर्यंत चालू ठेवा. मग लिहिलेली यादी खालून वर वाचत जा. ‘गुण’ आला की गुणायचे, ‘वर्ग’ आला की वर्ग करायचा.

या नियमाखाली भास्कराचार्यांनी एक उदाहरण दिले आहे. एक दाता याचकाला पहिल्या दिवशी दोन कवड्या देतो आणि रोज दुप्पट देण्याचे कबूल करतो. महिन्याभरात त्याने किती निष्क दिले? ३० चा मार्ग असा: ३० सम, वर्ग; १५ विषम, गुण; १४ वर्ग; ७ गुण; ६ वर्ग; ३ गुण; २ वर्ग; १ गुण. उलट चालत गेलो की २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८ आणि १०७३७४१८२४. पटासारखाच एक वजा केला आणि पहिला दिवस दोन कवड्यांचा म्हणून दुप्पट केली की २,१४,७४,८३,६४६ कवड्या. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. हिशेब करा: १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. मी हा भागाकार पहिल्यांदा हाताने केला आणि शेवटच्या सहा कवड्या बरोबर जुळल्या, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो. (चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. त्या मठात किती जणांनी या कवड्या मोजल्या असतील!)

आता ६४ घ्या. ६४, ३२, १६, ८, ४, २, १. मध्ये कुठेही विषम येत नाही, त्यामुळे सहा वेळा ‘वर्ग’ आणि शेवटी एक ‘गुण’. उलट वाचले की:

२, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६.

शेवटच्या संख्येतून एक वजा करा. भास्कराचार्यांच्या आधी, इ.स. १००० च्या सुमारास, अल-बिरुनीनेही पटाची ही बेरीज पूर्ण काढली होती आणि त्यानेही असाच वर्गांचा आधार घेतला होता.

ही मूळ संख्या आहे का?

नाही. शेवटी ५ आहे, एवढ्यावरूनच कळते. पण तिचे अवयव पाडण्याची वाट पाहण्यासारखी आहे, कारण आताच निम्मे करत जी वाट चाललो तीच पुन्हा चालायची आहे. वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लावा:

२^६४ − १ = (२^३२ − १) × (२^३२ + १)

पहिल्या कंसाला पुन्हा तेच सूत्र लागते, मग त्याच्या पहिल्या कंसाला पुन्हा. सहा वेळा केले की उरते:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वरच्या वर्गांच्या रांगेतल्या पहिल्या सहा संख्यांत एकेक मिळवून बघा: २ चे ३, ४ चे ५, १६ चे १७, २५६ चे २५७, आणि तसेच पुढे. या सहा अवयवांना फर्मा संख्या म्हणतात. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० च्या सुमारास पत्रांतून असे मत मांडले होते की या रांगेतल्या सगळ्या संख्या मूळ आहेत. पहिल्या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावी नाही:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

म्हणून आपल्या संख्येचे पूर्ण अवयव असे: ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७. सात वेगवेगळ्या मूळ संख्या, प्रत्येक एकदाच.

६४१ सापडला कसा? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसले का?

गोल्डबाखने १७२९ मध्ये पत्र लिहून ऑयलरचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. ऑयलरने १७३२ मध्ये ६४१ दाखवून दिला. त्याची पद्धत अशी समजून घेता येते: या सहाव्या फर्मा संख्येला जी मूळ संख्या निःशेष भागेल, तिला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. मग तपासायला राहतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्याच प्रयत्नात भाग जातो! फर्माला हे कसे निसटले असेल याचे मला अजूनही नवल वाटते.

भागाकार न करताही ६४१ तपासता येतो. ६४१ म्हणजे ५ × २^७ + १, आणि ६४१ म्हणजेच ५^४ + २^४ (६२५ + १६). ६४१ ने भागताना पहिल्या रूपावरून ५ × २^७ ची बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो). चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ५^४ च्या जागी −२^४ चालते. म्हणून −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला निःशेष भाग जातो. दोन ओळींत संपते. फळ्यावर लिहून दाखवण्यासारखी याहून सुंदर सिद्धता मला फार थोडी माहीत आहे.

७, ११, १३ या लहान मूळ संख्यांनी भाग का जात नाही?

२ चे घात घेत जा आणि ७ ने भागून बाक्या लिहा: २, ४, १, २, ४, १. तीनचे चक्र. २^६४ ची बाकी १ यायची तर ६४ ला ३ ने भाग जायला हवा. तो जात नाही. ११ चे चक्र १० चे, १३ चे १२ चे. ६४ ला फक्त २ चेच घात भागतात, म्हणून ज्या मूळ संख्येचे चक्र २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ लांबीचे असेल तीच आपली विभाजक. ३ चे चक्र २, ५ चे ४, १७ चे ८, २५७ चे १६, ६५५३७ चे ३२, आणि ६४१ व ६७००४१७ या दोघांचे ६४. यादी इथे संपते.

तिला एकूण विभाजक किती?

१२८. सातपैकी प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, असे २^७ प्रकार. कुठलाही अवयव दोनदा येत नाही, म्हणून १ सोडून कुठल्याच वर्गसंख्येने तिला निःशेष भाग जात नाही.

१२८ विभाजकांच्या ६४ जोड्या लागतात, आणि संख्या विषम असल्याने प्रत्येक जोडीतून दोन वर्गांची एक वजाबाकी मिळते. सर्वांत सोपी ४२९४९६७२९६ चा वर्ग उणे १ चा वर्ग. म्हणजे ६४ घरांच्या पटाची ही बेरीज दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात बरोबर ६४ प्रकारांनी लिहिता येते. यात गूढ काही नाही, सात मूळ अवयवांमुळे हा आकडा जुळला. पण जुळला आहे खरा.

परिपूर्ण संख्यांशी तिचा काही संबंध आहे का?

स्वतः सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढी आली तर ती परिपूर्ण संख्या, जसे ६ = १ + २ + ३. बेरीज कमी पडली तर न्यून, जास्त झाली तर विपुल. आपल्या संख्येच्या बाबतीत ती बेरीज संख्येच्या सुमारे ७० टक्केच भरते, म्हणून ती न्यून.

पूर्णवर्ग, दोन वर्गांची बेरीज, त्रिकोणी संख्या: यांपैकी ती कशात बसते?

कशातच नाही, आणि प्रत्येक नकाराचे कारण वेगळे आहे.

कुठल्याही पूर्णवर्गाला ८ ने भागा, बाकी ०, १ किंवा ४ च येते. आपल्या संख्येची बाकी ७. त्यामुळे ती पूर्णवर्ग नाही. दोन बाक्या मिळवून ७ होत नाहीत, तीन मिळवूनही नाहीत, करून बघा. चार वर्ग मात्र पुरतात, कारण कोणतीही धन पूर्णांक संख्या चार वर्गांच्या बेरजेत मांडता येते, असे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. इथे ते चार वर्ग छान रचतातही. ३ सोडून आपले बाकीचे सगळे मूळ अवयव ४ ने भागल्यावर १ बाकी देतात, म्हणून त्यांचा गुणाकार अ² + ब² असा लिहिता येतो. त्याची तिप्पट म्हणजे अ, ब, (अ + ब) आणि (अ − ब) यांच्या वर्गांची बेरीज.

त्रिकोणी संख्यांचे उत्तर रामानुजनांपाशी जाते. एखादी संख्या त्रिकोणी, म्हणजे १ पासूनच्या सलग संख्यांची बेरीज असेल (१, ३, ६, १०, १५...) तर तिची आठपट अधिक १ हा पूर्णवर्ग असतो. आपल्या संख्येसाठी ही रक्कम २^६७ − ७ होते. रामानुजनांनी १९१३ मध्ये हाच प्रश्न मांडला होता: २ च्या कोणकोणत्या घातांतून ७ वजा केले की पूर्णवर्ग येतो? ३, ४, ५, ७ आणि १५ हे घातांक त्यांना माहीत होते. याखेरीज एकही नाही, हे नॉर्वेच्या ट्रिग्वे नागेल यांनी १९४८ मध्ये सिद्ध केले. ६७ त्या यादीत नाही, म्हणून पटाची बेरीज त्रिकोणी नाही. १२ घरांपर्यंतची बेरीज ४०९५ मात्र आहे (१ ते ९० ची बेरीज), आणि त्यानंतर कितीही घरे वाढवली तरी पुन्हा कधीच त्रिकोणी बेरीज येणार नाही.

कापरेकर संख्या, हर्षद संख्या, स्वयंभू संख्या यांत ती मोडते का?

मराठी वाचकांकडून हा प्रश्न यावा हे स्वाभाविक आहे. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या तिन्ही कल्पना दिल्या. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक तर सर्वांना माहीत असतो. आपली संख्या एकेक करून त्यांच्या कसोटीवर घासू.

हर्षद: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणारी संख्या. आपल्या अंकांची बेरीज ८७, म्हणजे ३ × २९. २९ हा आपला अवयव नाही. त्यामुळे हर्षद नाही.

स्वयंभू: एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू. २३ स्वयंभू नाही, कारण १६ + १ + ६ = २३. २० आहे. आपल्या संख्येला जनक आहे का, हे मी हाताने शोधले. ९ ने भागून उरणाऱ्या बाक्यांवरून वजा करायची रक्कम ९ च्या पाढ्यापेक्षा ३ ने जास्त असली पाहिजे असे दिसते. शेवटचे तीन अंक सोडून बाकीच्यांची बेरीज ७५ आहे, म्हणून ७५, ८४, ९३ आणि १०२ एवढेच तपासायचे राहतात. ८४ जुळतो: १८४४६७४४०७३७०९५५१५३१ च्या अंकांची बेरीज ८४, आणि ती मिळवली की बरोबर आपली संख्या. जनक एकच. म्हणून स्वयंभूही नाही.

कापरेकर संख्या: वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, तुकड्यांची बेरीज सुरुवातीच्या संख्येएवढी यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. अशा संख्येला ९ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ च येते. आपली येते ६. तेव्हा इथेही नकार.

पण थांबा. हा नकार दशमान पद्धतीतला आहे. फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे सलग ६४ एकं. दशमानात ९९९ जसे वागते तसे द्विमानात ही वागते. ९९९ चा वर्ग ९९८००१, आणि ९९८ + ००१ = ९९९. आपल्या संख्येचा द्विमान वर्ग असा: ६३ वेळा १, मग एक शून्य, पुढे ६३ शून्ये, शेवटी १. बरोबर मध्ये तोडा. डावीकडे ६३ वेळा १ आणि ०, उजवीकडे नुसता १. बेरीज: ६४ वेळा १. म्हणजे द्विमानात ती अस्सल कापरेकर संख्या आहे, शिवाय डावीकडून-उजवीकडून सारखीच वाचता येणारीही आहे.

एवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येईल का?

कागद पुरणार नाही हे सोडा, तत्त्वतः तरी येईल का, असा हा प्रश्न आहे. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, १७ बाजूंचा बहुभुज काढता येतो हे दाखवले. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी. याखेरीज दुसरा मार्ग नाही हे वान्झेलने १८३७ मध्ये सिद्ध केले. आपल्या अवयवांत ६४१ आणि ६७००४१७ आहेत, आणि त्या फर्मा संख्या नाहीत. म्हणून येणार नाही.

अर्ध्या पटाची बेरीज ४२९४९६७२९५ मात्र ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ आहे. तिचे १ सोडून ३१ विभाजक आहेत, आणि विषम बाजूंचे जे सुसम बहुभुज काढता येतात असे आज माहीत आहे, ते नेमके हे ३१. त्यांतला सर्वांत मोठा ४२९४९६७२९५ बाजूंचा.

तिच्या आसपास मूळ संख्या कोणत्या?

खालच्या बाजूला १८४४६७४४०७३७०९५५१५५७, वरच्या बाजूला १८४४६७४४०७३७०९५५१६२९. दोघींमधले अंतर ७२. या टप्प्यावर सरासरी अंतर साधारण ४४ असते, म्हणजे आपली संख्या जरा उजाड माळावर उभी आहे.

संगणकाची ‘सर्वांत मोठी संख्या’ हीच का?

६४ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ ठेवायच्या ६४ जागांच्या खणात, चिन्ह न ठेवता, जी सर्वांत मोठी पूर्णांक संख्या मावते ती ही: सगळे ६४ दिवे लागलेले. त्यात १ मिळवला की जुन्या स्कूटरच्या मीटरसारखे सगळे आकडे शून्यावर येतात. याच कारणाने, चिन्ह असलेल्या पद्धतीत हेच ६४ बिट ‘ऋण एक’ दाखवतात. म्हणून प्रोग्राम लिहिताना −१ च्या जागी अचानक हा वीस अंकी आकडा समोर आला तर घाबरू नका. चिन्हाचा घोळ झाला आहे, एवढेच. चिन्ह असलेल्या ३२ बिटांच्या खणाची मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७, जी मूळ संख्या असल्याचे ऑयलरने १७७२ मध्ये दाखवले. लीलावतीतल्या दात्याच्या कवड्या तिच्यापेक्षा बरोबर एकने कमी!

एक्सेलमध्ये टाकली की शेवटचे अंक शून्य का होतात?

एक्सेल १५ अंकच जपते, म्हणून १८४४६७४४०७३७०९५००००० असे दिसते. जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्येच्या रूपात लिहिली तर १८४४६७४४०७३७०९५५२००० छापले जाते. आकडा जसाच्या तसा हवा असेल तर एक्सेलमध्ये तो मजकूर म्हणून साठवा. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नसते.

हनोईच्या मनोऱ्याशी तिचा संबंध काय?

तीन खुंट्या आणि एकीवर रचलेल्या लहान-मोठ्या चकत्या; एका वेळी एकच चकती हलवायची आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही, असे हे कोडे एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्ये बाजारात आणले. त्याबरोबर काशीच्या देवळातल्या ६४ सोन्याच्या चकत्यांची कथाही पसरली. एका खुंटीवरून दुसरीवर सगळ्या चकत्या नेण्यासाठी किमान १८४४६७४४०७३७०९५५१६१५ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली तर सुमारे ५८,४५४ कोटी वर्षे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते.

पट १२८ घरांचा असता तर?

मग निम्मे करणे आणखी एकदा झाले असते, आणि आपल्याच संख्येला २^६४ + १ या सातव्या फर्मा संख्येने गुणावे लागले असते. तीही मूळ नाही: २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे अवयव फॉर्च्युने लांद्री याने १८८० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध केले. म्हणजे १२८ घरांच्या बेरजेला नऊ मूळ अवयव आणि ५१२ विभाजक. पुढे २५६ घरे, ५१२ घरे असे वाढवत गेलो तर दर वेळी जुनी बेरीज तशीच राहते आणि एक नवी फर्मा संख्या येऊन गुणली जाते. ६५५३७ नंतरची एकही फर्मा संख्या मूळ असल्याचे आजवर आढळलेले नाही. ३ ला शून्य क्रमांक दिला तर ५ ते ३२ या क्रमांकांच्या सगळ्या संयुक्त आहेत हे पक्के झाले आहे. ३३ वी मूळ आहे की संयुक्त, हे अजून कोणालाच माहीत नाही.